दूध संस्थेचं जुनं दफ्तर पायथॉनमध्ये आणताना: कुठली लायब्ररी टिकली, कुठली गळली

कऱ्हाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं २००८ पासूनचं रेकॉर्ड एका जागी आणायचं काम घेतलंय. सभासद कोड टाकला की त्याचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम सगळं दिसलं पाहिजे आणि दहा दिवसांचं बिल मराठीत छापून आलं पाहिजे, एवढीच मागणी. पैसे काही मिळणार नाहीत, सेक्रेटरी अण्णा आमच्या भावकीतले आहेत. गावची पतसंस्था, वाचनालय, शाळेचं जनरल रजिस्टर असलं काही करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जसं घडलं तसं लिहीत जातोय. थिअरी नाही.

७ जून २०२५, शनिवार

लॅपटॉपवर उबंटू २४.०४ आहे. लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) टाकायच्या पहिल्याच पिप इन्स्टॉलला 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून एरर. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे, सिस्टीमच्या पायथॉनमध्ये आपण काही कोंबू नये म्हणून. जबरदस्तीचा पर्याय तिथंच सांगतात पण तो वापरू नका, वर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरतं वेगळं ठेवलेलं पायथॉन) करा, काम मिनिटाचं आहे.

मग प्रत्येकजण सांगतो ती यादी टाकून घेतली: नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब, रिक्वेस्ट्स, ब्युटिफुल सूप, पिलो, ओपनपायएक्सएल, टीक्यूडीएम. नवीन माणसाने एक लक्षात ठेवा, टाकायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. पिलो टाकायचं आणि पीआयएल इम्पोर्ट करायचं, ब्युटिफुलसूप४ टाकायचं आणि बीएस४ इम्पोर्ट करायचं. आणि अंदाजाने नाव टाइप करू नका. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'पायथॉन३-डेटयुटिल' नावाचं बनावट पॅकेज पायपीआयवरून (पायथॉन लायब्ररींच्या सार्वजनिक कोठारातून) काढावं लागलं होतं, खरं नाव 'पायथॉन-डेटयुटिल', फरक फक्त एका आकड्याचा. संस्थेच्या सभासदांचे बँक खाते नंबर ज्या मशीनवर येणार आहेत तिथं असला खेळ परवडत नाही.

८ जून

अण्णांनी पेन ड्राइव्ह दिला. निम्म्या फायली जुन्या एक्सएलएस, निम्म्या नव्या एक्सएलएसएक्स. पांडाजने (तक्त्यांचं काम करणारी लायब्ररी) एक्सएलएस उघडायला नकार दिला, एक्सएलआरडी लागतं म्हणाला. ते टाकलं. आता नेटवर जुनी उत्तरं वाचाल तर सगळीकडं सांगतात एक्सएलआरडीने दोन्ही उघडतात, ते आता खरं नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते फक्त जुनी एक्सएलएस वाचतं. म्हणजे जुन्याला एक्सएलआरडी, नव्याला ओपनपायएक्सएल.

फायली उघडल्या. नावांच्या कॉलममध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा. अपेक्षाच होती, श्रीलिपी आणि कृतिदेव हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. म्हणजे डोळ्याला मराठी दिसतं पण आत साठवलेलं इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांचे आकार बदलून दाखवतो.

१४ जून

आजचा सगळा दिवस एका ओळीने खाल्ला. माझी एक नेहमीची साफसफाईची फंक्शन आहे, मजकुराच्या कॉलमवर चालवायची, मागचापुढचा स्पेस काढते आणि सगळं लहान अक्षरात करते. पांडाज शिकवणाऱ्या निम्म्या व्हिडिओत हेच सांगतात. कृतिदेवमध्ये लहान आर म्हणजे पूर्ण त आणि मोठा आर म्हणजे अर्धा त्. सगळं लहान केलं की अर्धी अक्षरं मेली, आणि ती परत आणता येत नाहीत. नशीब मूळ फायली फक्त वाचत होतो, त्यावर लिहीत नव्हतो. ज्याला हे काम करायचंय त्याने मूळ फायलींचं फोल्डर आधी रीड-ओन्ली करून टाका, मग पुढचं.

दुसरा प्रश्न, कुठला सेल श्रीलिपीत, कुठला कृतिदेवात आणि कुठला खराखुरा इंग्रजी? 'एबी १२' हा कॅनचा नंबर आहे की कुणाचं आडनाव? पांडाज इथं आंधळा आहे, त्याला फक्त सेलमधला मजकूर कळतो, फॉन्ट तो वाचतच नाही. ओपनपायएक्सएल मात्र प्रत्येक सेलच्या फॉन्टचं नाव देतं, आणि एक्सएलआरडीला उघडतानाच फॉरमॅटिंगची माहिती पाहिजे असं सांगितलं तर तेही देतं. या एका गोष्टीमुळे पांडाज बाजूला ठेवून सेल-सेल वाचायला लागलो. स्लो आहे, पण फॉन्टच माहीत नसेल तर वेगाला काय चाटायचंय.

२१ जून

कन्व्हर्टर. अक्षराला अक्षर बदलायचा तक्ता बनवणं हे सोपं काम आहे, कंटाळवाणं आहे एवढंच. अडचण क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे 'शिंदे' चं 'िशंदे' होतं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसते. ती एक अक्षर पुढं ढकलली की झालं असं वाटतं, आणि मग 'मच्छिंद्र' येतो. तिथं वेलांटीला च् आणि छ दोन्ही ओलांडून जायचंय. रफाराचं उलटं, 'खर्डे' मधला रफार सगळ्यात शेवटी साठवलेला असतो, त्याला मात्रा आणि ड ओलांडून मागं आणायचा. कृतिदेवात अजून एक, ख, घ, भ ही अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन तुकड्यांत आहेत, ती आधी जोडायची आणि मगच वेलांटी हलवायची. हा क्रम उलटा झाला की 'भिकू' चा काहीतरी भलताच प्राणी होतो.

हे सगळं रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची पद्धत) केलं, आणि इथं पायथॉनसोबत येणाऱ्या आरई मॉड्यूलने दगा दिला. त्याला शब्द शोधायला सांगा, 'संभाजी' मधून तो 'स', 'भ', 'ज' असे तीन शब्द काढून देतो, कारण काना, अनुस्वार, वेलांटी यांना तो शब्दाचा भाग धरतच नाही. बाहेरून टाकायचं रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते धरतं. शिवाय डोळ्याला दिसणारं एक पूर्ण अक्षर एका खुणेने पकडता येतं, जे आरईत नाहीच. मराठी मजकुराशी काम असेल तर पहिल्या दिवसापासून रेजेक्सच वापरा. कुठल्याच 'टॉप टेन लायब्ररी' यादीत हे नाव मी पाहिलेलं नाही, का नाही ते यादी करणारे बघून घेतील.

२९ जून

कन्व्हर्ट झालेली नावं आणि हल्ली युनिकोडमध्ये टाइप केलेली नावं जुळवायला घेतली. 'कुऱ्हाडे' जुळेना. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. कोड पॉइंट (युनिकोडमधला प्रत्येक अक्षराचा नंबर) छापून बघितले तेव्हा कळलं, एकीकडं ऱ हे वेगळं अक्षर आणि पाय मोडलेला, दुसरीकडं साधा र, पाय मोडलेला आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. म्हणलं युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असेल तर एकसारखं करणं) चालवलं की मिटेल. नाही मिटत. ते फक्त र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ करतं, हा जॉइनर तसाच राहतो. बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाड, कोऱ्हाळे, सगळीकडं हेच. शेवटी आधी नॉर्मलाइज आणि मग र-हलंत-जॉइनर चं ऱ-हलंत, अशी एक ओळ स्वतः लिहिली. अर्थात त्याच्या आधी सगळे जॉइनर सरसकट काढून टाकायचे नाहीत, नाहीतर 'कुऱ्हाडे' चा 'कुर्हाडे' होतो आणि कुऱ्हाडे भांडायला येतात.

तसंच 'ॲड.' चं. ॲ हे एक अक्षर आणि अ वर चंद्र काढलेला अॅ, दिसायला एकच, आत वेगळे, आणि नॉर्मलाइज यांनाही एक मानत नाही. विसर्गाच्या जागी कोलन हा तर घरोघरी आहे.

६ जुलै, आषाढी

खिचडी खाऊन बसलो. आज आकडे.

सभासद कोड '००४२' चा पांडाजने ४२ केला. मोबाईल नंबरच्या कॉलममध्ये एक जागा रिकामी होती म्हणून सगळा कॉलम दशांशात गेला, प्रत्येक नंबरच्या शेवटी पॉइंट शून्य. उपाय एकच, वाचतानाच सगळं स्ट्रिंग म्हणून वाचायला सांगायचं आणि ज्याचा आकडा पाहिजे त्याचाच नंतर करायचा. एक गोष्ट मात्र सुखद, पायथॉनचं इंट '४२' थेट घेतं, देवनागरी अंकांसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

तारखा. ०३/०४/२०१५ म्हणजे आपल्याकडं ३ एप्रिल, पांडाजच्या मनाने ४ मार्च. जुन्या पांडाजमध्ये याहून वाईट होतं, १३/०४ आली की महिना तेरावा नसतो म्हणून तो गुपचूप तीच तारीख बरोबर वाचायचा, म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा उलट्या आणि अर्ध्या सुलट्या आणि एरर काही नाही. २०२३ च्या २.० आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून फॉरमॅट ठरवतो आणि पुढं जुळलं नाही की ओरडतो, हे बरंय. तरीपण फॉरमॅट स्वतः लिहून द्या, दिवस आधी एवढं सांगणारा जो पर्याय आहे तो सक्तीचा नाही, नुसती सूचना आहे.

१२ जुलै

पीडीएफचा गठ्ठा. पीडीएफप्लंबरने टेबलाच्या रेघा छान ओळखल्या, आकडे बरोबर आले, नावं मात्र चिखल. आतला फॉन्ट कुठल्या आकाराला कुठलं अक्षर म्हणतो याची नोंदच नीट नसते, त्यामुळे कॉपी-पेस्ट केलं तरी तेच होतं, लायब्ररीचा दोष नाही.

म्हणून नावांच्या सेलपुरतं ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं वाचणं. पायटेसरॅक्ट टाकलं आणि चाललं नाही, कारण ते नुसतं मध्यस्थ आहे, खरं टेसरॅक्ट सिस्टीमवर वेगळं टाकायचं आणि मराठीची डेटा फाईल अजून वेगळी. पानाची इमेज ३०० डीपीआयला काढली तरच नावं वाचण्यासारखी येतात. स्कॅन केलेल्या बिलांत आकडे पण देवनागरीत आहेत आणि १ चा ९, ३ चा ६ असले घोळ होत राहिले. तिथं एक युक्ती कामी आली, प्रत्येक ओळीत लिटर, दर आणि रक्कम तिन्ही आहेत, म्हणजे गुणाकार जुळत नाही ती ओळ लाल करायची आणि फक्त तेवढ्याच हाताने बघायच्या. कुठल्याही हुशार मॉडेलपेक्षा या गुणाकाराने जास्त चुका पकडल्या.

मध्येच एक उद्योग, तालुक्यातल्या गावांची यादी एका सरकारी साइटवरून ओढायला रिक्वेस्ट्स लावलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर पहिल्याच पानावर अडकलेलं. रिक्वेस्ट्सला टाइमआउट दिला नाही तर ते वाट बघतच बसतं, डिफॉल्ट काही नाही. यादी शेवटी अण्णांनी तोंडी सांगितली.

२० जुलै

एकच सभासद तीन प्रकारे लिहिलेला: 'कदम मारुती रामचंद्र', 'मारुती रा. कदम', 'मारूती कदम'. जुनी सवय म्हणून मिळतीजुळती नावं शोधणारं फझीवझी घेतलं. त्याच्या टोकन वाल्या (शब्द सुटे करून तुलना करणाऱ्या) फंक्शनमध्ये आस्कीची (इंग्रजी अक्षरं, आकडे एवढ्याचीच) सक्ती डिफॉल्टला चालू असते, म्हणजे तुलना करायच्या आधी ते देवनागरी सगळी गाळून टाकतं. उरतं शून्य, आणि शून्याची शून्याशी तुलना. रॅपिडफझ घेतलं, ३.० पासून ते सांगितल्याशिवाय मजकुराला हात लावत नाही, वेगही भरपूर.

पण स्कोअरवर विसंबू नका. 'विलास मारुती कदम' आणि 'विकास मारुती कदम' यांचा स्कोअर ९३.७५ येतो. दोघं सख्खे भाऊ, दोघांची वेगळी गाय, वेगळं खातं. आपोआप जोडायचं काहीच ठेवलं नाही, रॅपिडफझने जोड्या सुचवायच्या आणि अण्णांनी हो-नाही म्हणायचं. अण्णा चहा पीत पीत पटापटा सांगत गेले, ह्यो म्हंजे वरल्या आळीतला, ह्यो मेला, ह्येचं पोरगं आता घालतंय दूध. वारसाची नोंद कुठल्याच फाईलमध्ये नव्हती.

२ ऑगस्ट

रक्कम एकेका रुपयाने चुकत होती. सगळीकडं नाही, कुठंकुठं. पायथॉनचं राउंड फंक्शन ४१६.५० चे ४१६ करतं आणि ४१७.५० चे ४१८, बरोबर अर्धा असेल तर सम आकड्याकडं जातं. नमपाय आणि पांडाज तसंच करतात. संस्थेत मात्र पन्नास पैसे म्हणजे वरचा रुपया, कायमचा नियम. मी म्हणलं अण्णा, एक रुपयाचा फरक आहे, तर म्हणाले, "आरं मशीन बरोबर आसंल, पण सभासद भांडाय माझ्याकडं येतोय."

डेसिमल मॉड्यूल, पायथॉनसोबतच येतं, वेगळं टाकायचं नाही. त्यात अर्ध्याला वर ढकलायचा नियम स्पष्ट देता येतो. त्यातही खाच आहे, ३३.३ हा दर थेट दशांश म्हणून दिला तर आत ३३.२९९९९ असं लांबलचक जातं, आधी स्ट्रिंग करून द्यायचा. एक्सेलमधून येणारे आकडे दशांशच असतात त्यामुळे हे दरवेळी करायचं. डेटाबेस एसक्यूलाइट, तोही पायथॉनसोबत येतो, पण त्यात डेसिमल प्रकार नाही, म्हणून रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. हे केल्यावर गाईच्या ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या मूळ दरावरून वरखाली होणारं सगळं दरपत्रक कागदाशी जुळलं.

९ ऑगस्ट

मॅटप्लॉटलिबने अण्णांसाठी संकलनाचा आलेख. आधी चौकोन आले, नोटो सान्स देवनागरी दिल्यावर अक्षरं आली पण 'लिटर' ची वेलांटी ल च्या पुढं जाऊन बसली. माझ्याकडच्या आवृत्तीत जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायची सोय नाही. एमपीएलकैरो नावाच्या बॅकएंडने होतं, पण नादाला लागलो नाही. आलेख कुणी मागितलाही नव्हता. काढून टाकला.

१५ ते १७ ऑगस्ट, गावी

संस्थेचा कॉम्प्युटर विंडोज ७, ३२ बिट, नेट नाही. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८, आणि ३.८ ला चालणारा शेवटचा पांडाज २.०.३. पुण्यातून ज्या व्हील फायली (लायब्ररींच्या बसवायला तयार फायली) आणल्या होत्या त्या माझ्या लॅपटॉपच्या होत्या, लिनक्स ६४ बिट, तिथं काय कामाच्या. पिपला डाउनलोड करताना प्लॅटफॉर्म आणि पायथॉनची आवृत्ती सांगता येते, ते मोबाईलच्या हॉटस्पॉटवर परत केलं, रेंज फक्त टेरेसवर, पावसात.

पांडाज, नमपाय बसलं एकदाचं, पण उघडायलाच इतका वेळ की सकाळच्या संकलनाला रांग लागली असती. मग विचार केला, इथं पांडाज करतोय काय? दहा दिवसांची बेरीज. ती एसक्यूलाइट एका क्वेरीत करतं. पांडाज, नमपाय दोन्ही काढले. संस्थेच्या मशीनवर आता बाहेरचं म्हणजे फक्त ओपनपायएक्सएल आणि जिंजा (साच्यात माहिती भरून पान बनवणारी लायब्ररी) आणि त्यांच्या शेपट्या, बाकी सगळं पायथॉनसोबतचंच. पांडाज वाईट नाही, जुना डेटा तपासताना लॅपटॉपवर त्याच्याशिवाय हललो नसतो, पण काउंटरवर त्याचं काम नाही.

एकाच फाईलचं एक्सई करायला पायइन्स्टॉलर लावून बघितलं, अँटिव्हायरसने व्हायरस म्हणून उचलून नेलं. साधी बॅच फाईल ठेवली.

२४ ऑगस्ट

बिलाची छपाई. वीझीप्रिंटने लॅपटॉपवर सुंदर मराठी पीडीएफ येते, आत अक्षरं जुळवणारं पँगो असल्यामुळे जोडाक्षरं बिनचूक. पण विंडोजवर पँगो वेगळं बसवायला लागतं आणि विंडोज ७ वर ते करायची माझी तयारी नव्हती. जिंजाने नुसतं एचटीएमएल काढलं आणि क्रोममधून प्रिंट. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वरची शेवटची आवृत्ती, पण देवनागरी ती चांगली छापते. पानाचे मार्जिन सीएसएसमध्ये ठरवले. कागदाचा एक रिम गेला यात, आणि थोडी शाई.

सभासद यादीचा क्रम अण्णांना पटला नाही. पायथॉन कोड पॉइंटप्रमाणे लावतं, त्यामुळे ळ येतो ल च्या लगेच नंतर आणि 'काळे' हे 'कासार' च्या आधी. क्षीरसागर गेले क मध्ये. आपल्या बाराखडीत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. यासाठी भाषेप्रमाणे क्रम लावणारी पायआयसीयू लायब्ररी आहे पण ते विंडोजवर बसवणं म्हणजे कंपाइल करत बसणं. क्रमाची स्वतःची छोटी की लिहिली, ळ ला ह च्या पुढचा नंबर, क्ष आणि ज्ञ ला एकेक अक्षर धरून त्याच्या पुढचे. पन्नास ओळींच्या आत झालं.

३१ ऑगस्ट

११ ते २० ऑगस्टचं बिल दोन्हीकडं काढलं, जुन्या पद्धतीने आणि यातून. जिथं फरक आले तिथं बहुतेक ठिकाणी संध्याकाळच्या दुधाची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली होती, ती तारीख कुठली धरायची ते संचालक मंडळ ठरवेल, माझा प्रश्न नाही.

सगळ्या लायब्ररींचे नेमके आवृत्ती नंबर फाईलमध्ये लिहून व्हील फायलींसकट पेन ड्राइव्हवर ठेवलेत, एक अण्णांकडं, एक माझ्याकडं. नवा पेन ड्राइव्ह ४०० रुपये, तो मी घातला.

राहिलंय ते २०११ ची एक फाईल. तिच्यात प्रत्येक सेलचा फॉन्ट एरियल दाखवतंय आणि आत मजकूर श्रीलिपीसारखा, कुणीतरी सगळी शीट सिलेक्ट करून फॉन्ट बदलला असणार. तक्ता चालवून बघितला, अर्धी नावं येतात, अर्धी कृतिदेवातली असावीत. त्या वर्षीचं कागदी रजिस्टर कपाटात आहे, गणपतीत गावी गेल्यावर पुतण्याला घेऊन हातानेच भरणार, एवढ्यासाठी कोड लिहीत बसत नाही.